वळण लावण्याचा इतिहास

इतिहास म्हटला की माणसाला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. माझ्या डोक्यावर या तिन्ही गोष्टी गेली साठ वर्षं सुखाने नांदताहेत. लढाई रोज सकाळची, कंगवा विरुद्ध केस. तह आठवड्यातून एकदा, रविवारी न्हाणं झाल्यावर. आणि तहांच्या रीतीप्रमाणे तो सोमवारी मोडतो. सनावळी पाहायची असेल तर आमचा फोटोंचा अल्बम पाहावा. १९६४ सालच्या पहिल्याच फोटोत मी दोन वर्षांची आहे. स्टुडिओवाले काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून म्हणाले होते, "वहिनी, बाळाची टोपी तेवढी काढा, तोंडावर सावली पडतेय." आई म्हणाली, "टोपी नाही हो ती. केस आहेत."

तर माझे केस कुरळे आहेत. हे वाक्य 'आमच्या घरी वाघ पाळलाय' या वाक्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. पाळणाऱ्याचं कसं चालतं, हे कुणी विचारत नाही. "अय्या, किती छान! तुला काही करावंच लागत नसेल!" असं म्हणणाऱ्या सरळ केसांच्या मैत्रिणी मला आयुष्यभर भेटल्या. त्यांना मी जुलै महिन्यात माझ्या घरी राहायला बोलावलं. त्या पुन्हा तसं म्हणाल्या नाहीत.

आपल्या भाषेनेही इथे एक गंमत करून ठेवली आहे. वळण म्हणजे बाक, आणि वळण म्हणजे शिस्त. अक्षराला वळण हवं, मुलीला वळण हवं, सुनेला तर माहेरहूनच आणलेलं वळण हवं. फक्त केसांना वळण असलं की घरातली सगळी वडीलधारी मंडळी ते काढायला धावतात. आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन आईला सांगायचा, "हिच्या केसांना जरा वळण लावा हो." आई बिचारी मान डोलवायची. माझ्या मनात यायचं, आणखी किती लावणार? एकेका केसाला सात-सात वळणं तर देवानेच लावून पाठवली आहेत.

त्यातून राहायला आम्ही कासारवाडीला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना दापोडीनंतर आणि पिंपरीच्या आधी कासारवाडी लागते. आता तिथे डोक्यावरून मेट्रो जाते. माझ्या लहानपणी डोक्यावरून फक्त पाऊस जायचा. आणि आमच्या गावचा मोठा कारखाना कशाचा असावा? फोर्ब्ज मार्शलचा, म्हणजे वाफेच्या यंत्रसामग्रीचा! ज्या मुलीच्या केसांना हवेतला दमटपणा सोसत नाही, तिच्या नशिबी वाफेत तज्ज्ञ असलेलं गाव यावं, याला योगायोग म्हणायचं की पूर्वसंचित, ते ज्याचं त्याने ठरवावं.

१९७८ साली पुणे-लोणावळा मार्गावर विजेच्या लोकल सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी मी कॉलेजात जाऊ लागले. कासारवाडीला गाडीत चढताना माझी घट्ट, तेल चोपडलेली, दोन रिबिनींची वेणी असायची. दापोडीला कपाळावरची पहिली फळी फुटायची. खडकीला दोन्ही कानांवर बंड. शिवाजीनगरला उतरेपर्यंत मध्यवर्ती सरकार कोसळलेलं असायचं. समोरच्या बाकावरच्या बायका आधी माझ्याकडे आणि मग खिडकीबाहेर पाहायच्या, वादळ कुठून आलं ते बघायला.

या सगळ्याचा पहिला शास्त्रशुद्ध खुलासा मला माझ्या मामाने केला. मामा 'सिमला ऑफिस'मध्ये कारकून होता. सिमल्याहून हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणू लागले. एका पावसाळ्यात मामा आमच्याकडे आला, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अगं, तुझ्या डोक्यावर आमच्या खात्याची शाखा आहे."

मग त्याने सोस्यूरची गोष्ट सांगितली. होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर हा जिनिव्हाचा शास्त्रज्ञ. हवेत ओलावा किती, हे मोजायला त्याने चक्क माणसाचा केस वापरला. केस ओलावा शोषतो आणि किंचित लांबतो. हवा कोरडी झाली की आखडतो. केसाला एक काटा जोडला, की तो काटा ओलावा दाखवू लागतो. सोस्यूरने हे यंत्र १७८३ साली जगापुढे मांडलं आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं वेधशाळांतून केसांचे आर्द्रतामापक चालू राहिले. मामा म्हणाला, "त्यांना एक केस पुरायचा. तुझ्याकडे लाखभर आहेत. फक्त काटा जोडायचा राहिलाय."

पुढे मी यावर थोडंफार वाचलं, तेव्हा कळलं की मामा थट्टा करत नव्हता. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या आत दोन तऱ्हेचे बंध असतात. गंधकाचे बंध पक्के, सात जन्मांचे. हायड्रोजनचे बंध कच्चे; पाण्याने सुटतात आणि वाळताना जिथे असतील तिथे पुन्हा जुळतात. दमट हवेत ते सारखे सुटतात आणि भलत्याच जागी जुळतात. प्रत्येक केस आपापल्या मर्जीने वाकतो, शेजाऱ्याशी जमत नाही, आणि सगळे मिळून फुलतात. शिवाय डोक्याच्या त्वचेतून निघालेलं तेल सरळ केसावरून घसरगुंडीसारखं टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाच्या घाटात ते पहिल्या दोन वळणांतच थांबतं. म्हणून कुरळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाशी रखरखीत. हे कळलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. इतकी वर्षं ज्याला माझा वांडपणा समजत होते, तो निव्वळ पाऊस होता.

आणि कुरळ्या केसांना पूर्वी असे वाईट दिवस नव्हते, हे मी जरा अभिमानाने सांगते. ऋग्वेदातल्या रुद्राला 'कपर्दी' म्हटलंय. कपर्द म्हणजे कवडी, तेव्हा कवडीसारखे केस वळवून बांधणारा तो कपर्दी. गंगा उतरली तेव्हा तिला अडवायला त्याच शंकराच्या जटा कामी आल्या. सरळ, चोपून बसवलेल्या भांगातून ती थेट पाताळात गेली असती. मथुरेच्या मूर्तिकारांनी बुद्धाच्या डोक्यावर गोगलगाईच्या शंखासारखा अंबाडा दाखवला, गांधारच्या कारागिरांनी लाटा, आणि पुढे सगळीकडे उजवीकडे वळणारे बारीक कुरळे ठरून गेले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. खांद्यावर बटा रुळताहेत, नजर खाली, चेहऱ्यावर अपार करुणा. त्याच्या आईने शेजाऱ्यांचं ऐकून रोज सकाळी चप्प वेणी घातली असती, तर ती करुणा टिकली असती का, अशी मला शंका आहे.

बरं, ज्यांच्याकडे हे वळण नव्हतं त्यांनी त्यासाठी काय काय सोसलं, तेही ऐका. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशरचनाकाराने केस कायमचे कुरळे करण्याचं यंत्र काढलं. छताला झुंबर टांगावं तसं यंत्र, त्यातून लोंबणाऱ्या पितळी नळ्या, नळ्यांत गुंडाळलेले केस आणि वर आच. त्याखाली बाईने पाच-सहा तास बसायचं. पहिले प्रयोग त्याने स्वतःच्या बायकोवर केले. तिचे केस जळले आणि डोकंही भाजलं, असं सांगतात. नवऱ्याच्या संशोधनाला एवढा हातभार लावणारी दुसरी पत्नी विज्ञानाच्या इतिहासात शोधावी लागेल. तात्पर्य काय, जगातल्या अर्ध्या बायका केस सरळ करण्यात आणि उरलेल्या अर्ध्या कुरळे करण्यात गुंतल्या आहेत.

आमच्या घरात मात्र एकच प्रयोग चालायचा : खोबरेल तेल. आईचा त्याच्यावर जो विश्वास होता तो तिने माझ्या वडलांवरही कधी ठेवला नाही. रात्री ती मला पाटावर बसवायची, गुडघ्यांत पकडायची, वाटीभर कोमट तेल ओतायची आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवत यायची. मी ओरडायचे. शेजारी समजायचे, पाढे म्हणून घेताहेत. त्या कंगव्याचा मी जेवढा द्वेष केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही. (या तेलाबद्दल पुढे २००३ साली आरती रेले आणि आर. बी. मोहिले या दोन संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमत नाही. ते दोघे खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? मी फुकट सांगत होते तेव्हा तू कुठे ऐकलंस?")

इथवर गंमत झाली. आता थोडं वेगळं सांगते.

१९७१ साली, मी नऊ वर्षांची असताना, मला टायफॉइड झाला. महिनाभर अंथरुणावर होते. त्या महिन्यात कंगवा बंद. मला तापातही त्याचा आनंद झाला होता. ताप उतरला आणि आईने उशीवरून माझं डोकं उचललं तेव्हा मागच्या बाजूला, मानेच्या वर, नारळाच्या करवंटीएवढा एक गठ्ठा झाला होता. केस आता केस राहिले नव्हते. घोंगडीसारखे एकजीव झाले होते.

थोरली आत्या मला बघायला आली होती. तिने हात लावला आणि हात जोडले. "अगं, ही तर जट आहे. देवी आलीय पोरीवर. हळदकुंकू वाहा. आणि कात्री लावू नकोस हं, घराचं वाटोळं होईल."

आमच्या घरापासून पुढचंच स्टेशन पिंपरी. तिथे १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना होता. देशभर पेनिसिलिन तिथून जायचं. एका स्टेशनवर पेनिसिलिन आणि अलीकडच्या स्टेशनवर देवी, असा आमचा पंचक्रोशीचा कारभार होता. खरं सांगायचं तर मला देवीचा पर्याय मनापासून आवडला. देवी म्हणजे कंगवा नाही, शाळेत मान, बायका पाया पडणार. चाळीतल्या शेवटच्या खोलीतल्या काकूंना जट होती. त्यांच्या पाया बायका पडत. त्यांचे केस माझ्यापेक्षाही दाट होते म्हणे. बाळंतपणानंतर आजारी पडल्या, विंचरायचं राहिलं, केस गुंतले, आणि कुणीतरी हात जोडले. त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

आई आत्याला कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशीही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वन्सं, देवी आली असेल तर तिलाही थोडं तेल लावते."

तिने तीन रात्री लावलं. वाटीत खोबरेल, हातात विणकामाची सुई. मी तिच्या मांडीवर पालथी आणि ती एक-एक केस सुईच्या टोकाने गठ्ठ्यातून सोडवतेय. वडील कंदील धरून बसायचे, कारण आमच्याकडे वीज होती पण रात्रीची असेलच असं नव्हतं. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "सुटलं." आणि मग मला कधीही रडताना न दिसलेली माझी आई पदर तोंडाला लावून रडली. मला वाटलं, सुई टोचली असेल.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या खोलीतल्या काकू आल्या. त्यांची मान कायम एका बाजूला कललेली असायची. जट मांडीपर्यंत यायची आणि ओली झाली की वाळायला दोन-दोन दिवस लागायचे. त्यांना उताणं झोपता येत नसे. त्यांनी मला जवळ घेतलं आणि माझ्या मोकळ्या केसांतून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बराच वेळ फिरवत होत्या. मग आईला म्हणाल्या, "तेव्हा मला तुमच्यासारखं कुणी भेटलं असतं तर." आई म्हणाली, "आत्ता करू या का?" काकू दचकून उठल्या. "नको गं बाई, मुलाबाळांचं काही बरंवाईट झालं तर?" आणि गेल्या. पुढची वीस वर्षं त्यांनी ते ओझं तसंच वागवलं. माझ्यावर जी वेळ येता येता राहिली, ती काय होती हे कळायला मला फार उशीर लागला.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. पोलंडमध्ये शेकडो वर्षं हेच चाललं होतं. तिथल्या गुंतलेल्या जटेला वैद्यकाच्या लॅटिन भाषेत नावही मिळालं, 'प्लिका पोलोनिका'. शरीरातला रोग त्या गुंत्यात उतरतो, कापलात तर माणूस आंधळा होईल नाहीतर वेडा होईल, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकोचे डॉक्टर युझेफ डिट्ल यांनी मागे लागून लोकांना पटवायला घेतलं, की हा ना रोग ना चमत्कार, हा न विंचरलेला गुंता आहे. आमच्या आत्याला पोलिश येत असतं तर तिचं तिथे चांगलं जमलं असतं.

आपल्या महाराष्ट्रात बाईच्या केसांवर सगळ्यांचा हक्क, तिचा सोडून, ही रीत जुनीच. सवाष्णीने वाढवावे, विधवेने काढावे, देवीने धरले तर तोडू नयेत. पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही रीत मोडायला शास्त्री-पंडितांच्या बरोबरीने पुढे आले ते केसांचेच कारागीर. १८९० साली मुंबईत सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी सभेला जमली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्याच्या हातात वस्तरा त्यानेच तो खाली ठेवला.

आणि आपल्या काळात पुण्याच्या नंदिनी जाधव. त्यांचा व्यवसाय ब्युटी पार्लरचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात त्या आल्या, पार्लर मागे पडलं, आणि त्या गावोगाव जाऊन बायकांच्या जटा सोडवू लागल्या. दोनशेच्या वर बायकांची मान त्यांनी मोकळी केली आहे. कात्री चालवायला काही मिनिटं पुरतात. त्याआधी घरच्यांची समजूत काढायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. जट गेल्यावर बाईला पहिल्यांदा काय वाटतं? मान हलकी वाटते. उताणं झोपता येतं. बस्स, एवढंच. पण शेवटच्या खोलीतल्या काकूंना त्या एवढ्याचसाठी कुणी भेटलं नाही.

आता माझी नात बारा वर्षांची आहे. तिच्या डोक्यावर आमच्या घराण्याची सगळी इस्टेट आली आहे. मागच्या पावसाळ्यात ती मेट्रोने कासारवाडीला उतरली ती पाठीवर एक पिशवी घेऊन. त्यात बाटल्याच बाटल्या. मला म्हणाली, "आजी, कोरडे केस कधीच विंचरायचे नसतात. ओले असताना, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने. टोकाकडून वर. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, सुती कापडात बांधून ठेवायचं." मी म्हटलं, "त्याला आमच्यात पंचा म्हणायचे." ती म्हणाली, लोरेन मॅसी नावाच्या बाईंनी २००१ साली कुरळ्या केसांवर अख्खं पुस्तक लिहिलंय. मी म्हटलं, "माझ्या आईने लिहिलं नाही, एवढाच फरक."

मग तिने सर्वांत महागडी बाटली काढली. केस फुलू नयेत म्हणून लावायचा पारदर्शक, बुळबुळीत लेप. चष्मा लावून मी बाटलीवरचं वाचलं. जवस! ज्या जवसाची मी इतकी वर्षं चटणी करतेय, ते पाण्यात उकळून गाळलं की हाच लेप निघतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी अर्धी वाटी जवस उकळलं, उरलेल्या अर्ध्याची चटणी केली, आणि कुठलं भांडं कशाचं यात एकदाच गोंधळ झाला.

रात्री मी तिला पाटावर बसवलं. ओल्या केसांतून बोटं घातली, टोकाकडून वर. मध्ये एक गाठ लागली. ती ओरडली, "आजी, ओढू नकोस ना!" आणि मी थबकले, कारण हे वाक्य मी ओळखत होते, फक्त पूर्वी ते दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं. गाठ सोडवली. वळण तसंच ठेवलं. इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय, की दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. नातीने मोबाइलवर पाहून सांगितलं, आज पाऊस नाही. मी आरशासमोर गेले. कानांवरचे केस बोटभर वर आले होते. मी गच्चीत जाऊन मुकाट्याने वाळत घातलेलं धुणं काढून आणलं.

अकरा वाजता पाऊस आला.